एलईडी ड्रायव्हरमधला सप्लाय नॉईज: कोणता फिल्टर कशासाठी, आणि तो काढला तर धंद्याचं काय होतं



एलईडी बल्ब असेंब्लीचा धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतोच. बाजारात दोन ड्रायव्हर समोर ठेवले जातात, दोघांत चार-पाच रुपयांचा फरक असतो, आणि दोन्हीवर बल्ब सारखाच पेटतो. मग जास्तीचे पैसे द्यायचे कशाला?

व्हिडिओत मी दोन्ही बोर्ड उघडून दाखवलेत. तिथे वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असं की स्वस्त बोर्डावरून जे पार्ट गायब असतात ते बहुतेक वेळा फिल्टरचे आणि संरक्षणाचे असतात. त्यांच्याशिवाय बल्ब पेटतो, म्हणून ते बिनकामाचे वाटतात. पण गिऱ्हाईक बल्ब परत आणतं तेव्हा कारण बहुतेक वेळा याच रिकाम्या जागांमध्ये सापडतं.

तक्रारी साधारण तीन प्रकारच्या येतात:

- "बल्ब लावला की रेडिओ खरखरतो" किंवा "माइकमधून घूं आवाज येतो."
- "लाईट फडफडतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, डोळे दुखतात."
- "व्होल्टेज वर-खाली झालं आणि सगळे बल्ब एकदम गेले."

तिन्ही तक्रारींच्या मुळाशी सप्लायमधला नॉईज आहे. पण तो तीन वेगवेगळ्या दिशांनी येतो, आणि प्रत्येक दिशेसाठी वेगळा पार्ट लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की कोणताही ड्रायव्हर हातात घेऊन त्यात काय आहे आणि काय नाही ते तुम्ही स्वतः सांगू शकाल. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. मी स्वतः बीबीए केलेला माणूस आहे.

आधी ड्रायव्हर काय करतो ते बघू

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी असते. २३० हा सरासरी काढण्याच्या एका पद्धतीने आलेला आकडा आहे. प्रत्यक्षात लाट सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत वर चढते. ब्रिज म्हणजे चार डायोड ही लाट एका दिशेची करतात. उलटी लाट सुलटी झाल्यामुळे आता सेकंदाला ५० ऐवजी १०० टेकड्या तयार होतात. हा १०० आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्रिजनंतर एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात तोच. तो या टेकड्यांमधल्या दऱ्या भरून काढतो. त्यापुढे एक आयसी असतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि कॉइलच्या मदतीने एलईडीला ठरलेला करंट देतो. ९ वॅटच्या बऱ्याच बल्बांत हा करंट १०० मिलिअ‍ॅम्पच्या आसपास आणि एलईडीच्या माळेचं व्होल्टेज ८०-९० च्या आसपास असतं.

आता तीन दिशा बघा. एक नॉईज एलईडीपर्यंत पोचतो: १०० हर्ट्झची लहर. दुसरा आयसीच्या चालू-बंद होण्यातून तयार होतो आणि वायरमधून बाहेर जातो. तिसरा लाईनवरून आत येतो: व्होल्टेजचे झटके. एकेक घेऊ.

पहिला: एलईडीपर्यंत पोचणारी १०० हर्ट्झची लहर

इथे सगळी मदार ब्रिजनंतरच्या मोठ्या कपॅसिटरवर आहे. समजा बल्ब लाईनवरून १० वॅट घेतोय. कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर व्होल्टेज ३२५ वरून साधारण २६५ पर्यंत खाली येतं आणि परत भरतं. एलईडीला ८५ व्होल्ट हवेत, म्हणजे आयसीकडे भरपूर शिल्लक राहते. तो करंट स्थिर ठेवतो आणि लाईट स्थिर दिसतो.

तोच कपॅसिटर २.२ चा टाकला तर व्होल्टेज साधारण २०० पर्यंत घसरतं. चालतं. बल्ब पेटतो, टेस्टिंगला पास होतो. आता लाईनचं व्होल्टेजच संध्याकाळी १७० झालं तर? किंवा कपॅसिटर तापून-तापून त्याची क्षमता १ मायक्रोफॅरडवर आली तर? मग प्रत्येक दरीत व्होल्टेज एलईडीच्या गरजेच्याही खाली जातं. सेकंदाला १०० वेळा लाईट मंद होतो. डोळ्याला ते थेट दिसेलच असं नाही, पण मोबाईलचा कॅमेरा लगेच पकडतो, आणि फिरता पंखा किंवा मशीन त्या उजेडात विचित्र दिसतं. लेथ किंवा शिलाई मशीन असलेल्या ठिकाणी हा प्रकार धोक्याचाही आहे.

यात लोक क्षमतेकडे बघतात आणि तापमानाकडे बघत नाहीत. कपॅसिटरवर ८५ डिग्री किंवा १०५ डिग्री असं छापलेलं असतं, आणि त्याच्या डेटाशीटमध्ये त्या तापमानाला किती तास चालेल ते दिलेलं असतं, उदाहरणार्थ २००० तास. ढोबळ नियम असा: तापमान १० डिग्रीने कमी झालं की आयुष्य दुप्पट.

आता हिशोब करा. बल्बच्या आत कपॅसिटरपाशी ८५ डिग्री तापमान आहे. बंद हाउसिंगमध्ये हे सहज होतं.

- ८५ डिग्रीचा, २००० तासांचा कपॅसिटर: २००० तास. रोज ६ तास वापर धरला तर ३३३ दिवस.
- १०५ डिग्रीचा, २००० तासांचा कपॅसिटर: दोनदा दुप्पट, म्हणजे ८००० तास. रोज ६ तासांनी साडेतीन वर्षांपेक्षा जास्त.

तास संपले म्हणजे कपॅसिटर त्याच दिवशी मरतो असं नाही, पण तिथून क्षमता घसरत जाते. तुम्ही एक वर्षाची वॉरंटी दिली असेल तर ३३३ दिवस म्हणजे वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी. तक्रार तुमच्याकडेच येणार. दोन कपॅसिटरमधला किमतीचा फरक बघा आणि ठरवा.

व्होल्टेजचंही तसंच. ४०० व्होल्टचा कपॅसिटर लाईन साधारण २८० व्होल्ट होईपर्यंतच हद्दीत असतो, कारण २८० ची लाट ३९५ पर्यंत चढते. ज्या भागात रात्री लोड कमी झाल्यावर व्होल्टेज फार वाढतं, तिथे माल विकायचा असेल तर ४५० व्होल्टचा कपॅसिटर मागा.

एक अपवाद सांगून ठेवतो. पॅनेल लाईट आणि स्ट्रीट लाईटच्या काही ड्रायव्हरमध्ये पॉवर फॅक्टर चांगला ठेवण्यासाठी ब्रिजनंतर मुद्दाम लहान कपॅसिटर ठेवतात. तिथे १०० हर्ट्झची लहर पुढे सरकते आणि ती रोखायचं काम आउटपुटच्या, म्हणजे एलईडीच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवर येतं. अशा ड्रायव्हरमध्ये पैसे वाचवायला आउटपुटचा कपॅसिटर लहान केला की पॅनेल कॅमेऱ्यात फडफडणारच.

दुसरा: ड्रायव्हरमधून बाहेर जाणारा नॉईज

आयसी चालू-बंद होतो तो वेग साधारण काही दहा हजार ते लाखभर वेळा सेकंदाला असतो. समजा ६६ किलोहर्ट्झ. हा चालू-बंदचा करंट धारदार कडांचा असतो, आणि अशा करंटमध्ये ६६ च्या पाढ्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी लपलेल्या असतात: १३२, १९८, २६४... बाराव्या ठिकाणी येतं ७९२. पुणे आकाशवाणी मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. आजोबांचा रेडिओ बल्ब लावल्यावर का खरखरतो ते आता कळलं असेल. रेडिओ ठीक आहे, आपला बल्ब त्याच जागेवर बोलतोय.

हा नॉईज बाहेर जातो दोन वाटांनी.

पहिली वाट: फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो. याला डिफरन्शियल मोड म्हणतात. दुसरी वाट: फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून एकाच दिशेने बाहेर पडतो आणि बल्बची बॉडी, अर्थिंग किंवा आजूबाजूच्या हवेतून परत येतो. हा कॉमन मोड. दोघांचं औषध वेगळं आहे, आणि चुकीचं औषध टाकलं तर पैसे जातात आणि खरखर तशीच राहते.

*डिफरन्शियल मोडचं औषध: कॉइल आणि कपॅसिटर.* १ मिलिहेन्रीची छोटी कॉइल १०० हर्ट्झला अर्धा-पाऊण ओहमसारखी वागते, म्हणजे तिची अडचण जवळजवळ शून्य. पण ६६ किलोहर्ट्झला तीच कॉइल ४०० ओहमपेक्षा जास्त अडवते. कपॅसिटर बरोबर उलटा. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३२ हजार ओहम असतो, म्हणजे लाईनच्या विजेला तो बंद दारासारखा. ६६ किलोहर्ट्झला मात्र फक्त २४ ओहम. कॉइल नॉईजला पुढे जाऊ देत नाही आणि कपॅसिटर त्याला जवळच्या जवळ परत फिरवतो. फिल्टर म्हणजे एवढंच.

लहान बल्बात ही जोडी ब्रिजनंतर दिसते: एक कपॅसिटर, मध्ये कॉइल, मग दुसरा कपॅसिटर. आकृती काढली की गणितातल्या पाय या ग्रीक अक्षरासारखी दिसते म्हणून याला पाय फिल्टर म्हणतात. स्वस्त बोर्डावर बऱ्याचदा कॉइलच्या जागी साधी तार टाकलेली असते. बोर्डावर छापलेलं असतं एल-१, आणि सोल्डर केलेला असतो जंपर. खरेदी करताना सगळ्यात आधी हे बघायचं.

मोठ्या ड्रायव्हरमध्ये ब्रिजच्या आधी, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, एक चौकोनी पिवळा किंवा करड्या रंगाचा कपॅसिटर असतो. तो एक्स-२ कपॅसिटर. त्यावर एक्स-२ आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी असं छापलेलं हवं. त्याच्या जागी ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कपॅसिटर बसवलेला दिसला तर तो माल घेऊ नका. दिसायला सारखा असतो, आकडा मोठा वाटतो, पण तो रात्रंदिवस थेट लाईनवर राहायला आणि झटके खायला बनवलेला नसतो. खराब होताना तो आग लावू शकतो.

एक्स-२ कपॅसिटरला समांतर मोठ्या किमतीचा रेझिस्टर असतो, बऱ्याचदा एकूण १ मेगाओहमच्या आसपास. प्लग काढल्यावर कपॅसिटरमधली वीज तो रिकामी करतो. तो काढून टाकला तर प्लगच्या पिनांना हात लागल्यावर गिऱ्हाइकाला झटका बसतो. पैशांत त्याची किंमत आहे, काढायचं कारणच नाही.

*कॉमन मोडचं औषध: दोन वाइंडिंगची चोक आणि वाय कपॅसिटर.* कॉमन मोड चोक म्हणजे फेराइटच्या एकाच गाभ्यावर दोन वाइंडिंग, एक फेजचं आणि एक न्यूट्रलचं. कामाचा करंट एकातून जातो आणि दुसऱ्यातून परत येतो, त्यामुळे दोघांचं चुंबकत्व एकमेकांना रद्द करतं आणि त्याला अडथळा होत नाही. नॉईज मात्र दोघांतून एकाच दिशेने जातो, त्याचं चुंबकत्व एकमेकांत मिळतं आणि तो अडतो.

पॅनेल, फ्लड लाईट, ट्यूब यांत कॉमन मोड जास्त असतो. कारण सांगतो. एलईडीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट, म्हणजे एमसीपीसीबी, ही स्वतःच एक कपॅसिटर आहे: वर तांबं, मध्ये पातळ इन्सुलेशन, खाली अ‍ॅल्युमिनियम. प्लेट जेवढी मोठी तेवढा हा न मागितलेला कपॅसिटर मोठा, आणि त्यातून नॉईज बॉडीत उतरतो. म्हणून मोठ्या पॅनेलची खरखर फक्त एक्स-२ कपॅसिटर वाढवून कमी होत नाही. तिथे चोकच लागते. शिवाय ड्रायव्हर आणि पॅनेलमधली लांब वायर अँटेनासारखी वागते. ड्रायव्हर जवळ ठेवा, दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या. याला एक रुपयाही लागत नाही.

वाय कपॅसिटर आयसोलेटेड ड्रायव्हरमध्ये लाईनची बाजू आणि एलईडीची बाजू यांच्यामध्ये असतो, दिसायला बहुतेक निळी चकती. त्याच्याबाबत गंमत चालत नाही. एक्स कपॅसिटर शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. वाय शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट बॉडीवर येतात आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. म्हणून वाय-१ किंवा वाय-२ छापलेलाच कपॅसिटर घ्यायचा. साधी १ किलोव्होल्टची सिरॅमिक चकती तिथे कधीही बसवायची नाही.

"बॉडीला हात लावला की मुंग्या येतात" ही तक्रारही कधीकधी इथूनच येते. २.२ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअ‍ॅम्प करंट वाहतो. अर्थिंग जोडलेलं असेल तर तो निमूट जमिनीत जातो, नसेल तर तो हाताला जाणवू शकतो. नॉईज कमी करायला वाय कपॅसिटर दुप्पट केला की हा करंटही दुप्पट होतो. मेटल बॉडीच्या फिटिंगला अर्थची वायर बाहेर काढून द्या आणि इलेक्ट्रिशियनला ती जोडायला सांगा. पण मुंग्यांऐवजी स्पष्ट झटका बसत असेल तर फिटिंग ताबडतोब बंद करा. ते इन्सुलेशन गेल्याचं लक्षण असू शकतं.

तिसरा: लाईनवरून आत येणारा झटका

आपल्याकडे एकाच लाईनवर पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, शेतीपंप आणि घरं असतात. मोठी मोटर बंद होताना लाईनवर क्षणभर व्होल्टेजचा झटका उठतो. पावसाळ्यात विजांची त्यात भर. हा झटका एखाद्या मिलिसेकंदापेक्षाही कमी टिकतो, पण आयसीला तेवढं पुरतं.

यासाठी दोन पार्ट एकत्र काम करतात. पहिला फ्यूजिबल रेझिस्टर, बल्बच्या वायरीतच लावलेला, काही ओहमचा. तो झटक्याचा करंट मर्यादित ठेवतो आणि आत शॉर्ट झालं तर फ्यूजसारखा उडतो. दुसरा एमओव्ही, फेज-न्यूट्रलमधली चकती. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते. व्होल्टेज फार वाढलं की ती स्वतः वाहू लागते आणि झटका पिऊन टाकते.

एमओव्हीवर ४७१ छापलेलं असेल तर तो ४७० व्होल्टचा, कायम ३०० व्होल्ट एसी सहन करणारा. ३९१ असेल तर कायम २५० व्होल्ट एसीचा. आपल्याकडे रात्री २५० च्या वर व्होल्टेज जाणं काही नवल नाही. तिथे ३९१ हळूहळू तापून मरतो. म्हणून ४७१ मागा. चकतीचा व्यास जेवढा मोठा तेवढी झटका पिण्याची ताकद जास्त. बल्बात ७ मिलिमीटर बसतो, स्ट्रीट लाईटला १४ किंवा त्याहून मोठा लागतो. आणि एमओव्हीच्या आधी फ्यूज किंवा फ्यूजिबल रेझिस्टर हवाच, नाहीतर एमओव्ही शॉर्ट झाल्यावर आग लागायची भीती.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ३५०-४०० व्होल्ट येतात आणि तसेच राहतात. एमओव्ही क्षणभराच्या झटक्यासाठी आहे. अशा सलग वाढीव व्होल्टेजपुढे तो टिकत नाही. त्याचं काम एवढंच की स्वतः जळून फ्यूज उडवायचा. वॉरंटी कार्डवर हे आधीच लिहून ठेवलं की वाद होत नाहीत.

स्वस्त इन्व्हर्टरचाही इथे संबंध आहे. त्यांचं आउटपुट गोल लाटेऐवजी चौकोनी असतं. चौकोनी लाटेच्या उभ्या कडांवर कपॅसिटरमधून करंटचे मोठे ठोके बसतात. ज्या बल्बात ड्रायव्हरऐवजी फक्त कपॅसिटरने व्होल्टेज पाडलेलं असतं, ते इन्व्हर्टरवर लवकर जातात. लोडशेडिंगच्या गावात विकायचं असेल तर असा माल टाळा, आणि प्रत्येक नवीन लॉटमधले दोन-चार बल्ब अशा इन्व्हर्टरवर तासभर चालवून बघा.

डीओबीचं काय?

डीओबी, म्हणजे ड्रायव्हर आणि एलईडी एकाच प्लेटवर. यातल्या बहुतेक स्वस्त प्लेटवर लिनियर आयसी असतो. तो चालू-बंद होत नाही, म्हणून रेडिओची खरखर नाही, कॉइल नाही, असेंब्ली सोपी. पण १०० हर्ट्झची लहर आणि लाईनचे झटके तिथेही आहेतच. कपॅसिटर नसलेली डीओबी प्लेट कॅमेऱ्यात हमखास फडफडते, आणि एमओव्ही नसेल तर एका झटक्यात एलईडीसकट सगळी प्लेट जाते. डीओबी घेऊ नका असं मी म्हणत नाही. कपॅसिटर, एमओव्ही आणि फ्यूजिबल रेझिस्टर असलेली घ्या.

लॉट घ्यायच्या आधी टेबलावर करायच्या चाचण्या

तापकीर गल्ली असो की लॅमिंग्टन रोड, पाच-दहा सॅम्पल घेऊन या, हजार नग नंतर. आधी सुरक्षेचं: बल्बातले बहुतेक ड्रायव्हर आयसोलेटेड नसतात, म्हणजे एलईडीची प्लेट चालू असताना तिच्यावर लाईनची वीज असते. उघडा बल्ब चालू करून हात लावायचा नाही. बंद केल्यावरही मोठा कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीजमध्ये साधा फिलामेंटचा बल्ब लावलेला टेस्ट बोर्ड वापरा. आत शॉर्ट असेल तर तो बल्ब पेटतो आणि नुकसान टळतं.

१. *डोळ्याने तपासणी.* बोर्डावर एल, एमओव्ही, सीएक्स असं छापलेल्या जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या? कॉइलच्या जागी तार आहे का? कपॅसिटर १०५ डिग्रीचा आहे का?

२. *कॅमेरा.* मोबाईलमध्ये स्लो मोशन लावून बल्बाने उजळलेली पांढरी भिंत बघा. ठळक पट्टे किंवा धडधड दिसली तर १०० हर्ट्झची लहर जास्त आहे.

३. *रेडिओ.* मध्यम लहरींचा छोटा ट्रान्झिस्टर स्टेशन नसलेल्या जागेवर लावा. बल्ब बंद, मग चालू. एक मीटरवर किती खरखर, अर्ध्या मीटरवर किती. चांगल्या कंपनीचा बल्ब शेजारी ठेवून तुलना करा. हे काही लॅबचं प्रमाणपत्र नाही, पण दोन लॉटमधला फरक लगेच कळतो.

४. *उष्णता.* बंद फिटिंगमध्ये आठ तास चालवा, मग परत कॅमेऱ्याची चाचणी. थंड असताना पास आणि गरम झाल्यावर नापास, असे ड्रायव्हर खूप निघतात.

प्रत्येक लॉटचा कागद ठेवा: तारीख, कोणाकडून घेतला, कोणते पार्ट, निकाल काय. पुढच्या लॉटमध्ये त्याच किमतीत एखादा पार्ट गायब झाला तर याच कागदावर पकडला जातो.

आता धंद्याचा हिशोब

आकडे समजण्यासाठी घेतोय, तुम्ही तुमचे टाका. समजा कॉइल, एमओव्ही आणि चांगला कपॅसिटर काढून बल्बामागे ४ रुपये वाचले. हजार बल्बांमागे ४,००० रुपये. एक बल्ब परत आला तर नवीन बल्बाचे ५० आणि जाण्या-येण्याचे २०, असे ७० रुपये जातात. ४,००० भागिले ७० म्हणजे ५७. हजारात ५७ बल्ब जास्तीचे परत आले की सगळी बचत संपली. त्यापुढचा प्रत्येक बल्ब तुमच्या खिशातून.

आता वरचं ३३३ दिवसांचं गणित आठवा. कमी दर्जाचा कपॅसिटर असेल तर सगळ्या लॉटचं आयुष्य एकाच सुमारास संपायला लागतं, म्हणजे परतीचा माल थोडा-थोडा न येता एकदम येतो. नवीन उद्योजकाचं भांडवल अशा वेळी अडकतं. आणि ज्या इलेक्ट्रिक दुकानदाराने तुमचा माल शेल्फवर ठेवला, तो पुढच्या वेळी ठेवत नाही. हे नुकसान ७० रुपयांत मोजता येत नाही.

पैसे कुठे घालायचे ते क्रमाने सांगतो. घरगुती ९ वॅटच्या बल्बासाठी: फ्यूजिबल रेझिस्टर, १०५ डिग्रीचा कपॅसिटर, ४७१ चा एमओव्ही, पाय फिल्टरची कॉइल. बल्बात कॉमन मोड चोकला बहुतेक वेळा जागाच नसते, तिचा हट्ट नको. पॅनेल आणि फ्लड लाईटसाठी यात एक्स-२ कपॅसिटर आणि कॉमन मोड चोक, आणि ड्रायव्हर आयसोलेटेड असेल तर वाय कपॅसिटर वाढवा. स्ट्रीट लाईटला मोठा एमओव्ही, त्यात तडजोड नाही.

कायद्याची बाजू

एलईडी बल्ब बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. तयार बल्बाच्या सुरक्षेसाठी आयएस १६१०२ भाग १, आणि वेगळा विकल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसाठी आयएस १५८८५ भाग २ विभाग १३. "ड्रायव्हरवर नंबर आहे, मग माझा बल्ब चालेल" असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. ड्रायव्हरची नोंदणी ड्रायव्हरपुरती. तुमच्या ब्रँडचा तयार बल्ब हे वेगळं प्रॉडक्ट आहे, त्याची नोंदणी तुमच्या उत्पादनाच्या जागेसाठी वेगळी घ्यावी लागते. मशिनरीवर पैसे घालायच्या आधी बीआयएसच्या वेबसाइटवरून चालू यादी आणि फी बघून घ्या.

बाहेर जाणाऱ्या नॉईजसाठी लाईटच्या सामानाचं आंतरराष्ट्रीय मानक सीआयएसपीआर १५ आहे. त्यात वायरमधून जाणारा नॉईज ९ किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात. टेंडरचं काम करायचं असेल किंवा माल बाहेर पाठवायचा असेल तर या चाचणीचा रिपोर्ट मागितला जाऊ शकतो. तुम्ही स्वतः ड्रायव्हर बनवत नसाल तर तो रिपोर्ट ड्रायव्हरवाल्याकडे मागा, आणि रिपोर्टमधल्या फोटोतला बोर्ड व तुमच्या हातातला बोर्ड पार्ट टू पार्ट जुळवून बघा. रिपोर्ट पूर्ण बोर्डाचा आणि माल कॉइल काढलेला, असा प्रकार इथेच पकडता येतो.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी सप्लायर म्हणाला "हाच ड्रायव्हर, चार रुपये कमी", तर भावावर बोलण्याआधी बोर्ड उलटा-सुलटा करून बघा आणि विचारा: "या चार रुपयांत कोणता पार्ट गेला?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत ऑर्डर द्यायची नाही.